हे खरे आहे काय?

खिशात एक पेन्सिल ठेवा. टोक करून ठेवा, पण लगेच बाहेर काढू नका. पहिल्या मुक्कामी ती कुणाला दिसली, तर तुमची धडगत नाही.

१७२१ साल, फेब्रुवारीची ९ तारीख. लंडन. वेस्टमिन्स्टरच्या उमरावांच्या सभागृहात तुम्ही एका खांबाआड अंग चोरून उभे आहात. इथे बोललेला शब्द बाहेर छापणे हा सभागृहाचा हक्कभंग. म्हणून हात खिशात आणि कान पुढे. गेल्या वर्षी साउथ सी कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला आणि घरेच्या घरे बसली. कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट देश सोडून पळाला. तो ब्रुसेल्समध्ये सापडल्याची कुजबुज शहरभर चालली आहे. खरे काय ते कुणालाच ठाऊक नाही.

अर्ल काउपर उठतात. भाषण करत नाहीत, ठराव मांडत नाहीत. मंत्र्यांकडे वळून एवढेच विचारतात, की अशी बातमी आहे. हे खरे आहे काय?

क्षणभर शांतता. मग सरकारच्या बाजूचे अर्ल संडरलँड उठून सांगतात, की होय, नाइट पकडला गेला आहे.

संपले. दोन मिनिटांचे काम. ब्रिटिश संसदेतला नोंदला गेलेला पहिला प्रश्न म्हणून पुढे इतिहासकार याच प्रसंगाकडे बोट दाखवतील. नाइट पुढे अँटवर्पच्या किल्ल्यातून निसटला आणि सरकारच्या हाती कधी लागलाच नाही. म्हणजे उत्तर मिळाले, माणूस मिळाला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक मुक्कामी ती वेगळे कपडे घालून भेटणार आहे.

आता डोळे मिटा आणि पूर्वेला या.

१८९३. कलकत्त्याचे गव्हर्नमेंट हाउस. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन. इथे पेन्सिल काढायला हरकत नाही, कामकाज छापले जाते. आदल्या वर्षीच्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्क दिला आहे आणि तो पहिल्यांदा वापरायला अवधमधल्या भिनग्याचे राजे उभे आहेत. राजा काय विचारेल? सनद, मानमरातब, तोफांची सलामी? तुम्ही कान टवकारता, आणि कानावर येते ते गावच्या वाण्याचे गाऱ्हाणे. सरकारी अंमलदार दौऱ्यावर निघतात, त्यांच्या तळाला रसद पुरवताना खेड्यातले दुकानदार भरडून निघतात, त्याचे काय?

तुम्हाला आपल्याकडची वेठबिगार आठवते. साहेबाचा तंबू गावाबाहेर पडला, की पाटील घरोघर फिरायचा. कुणाचे दूध, कुणाची कोंबडी, कुणाचा कडबा. त्या कडब्याचा हिशेब कुणी कुणाला मागायचा? आज तो हिशेब साम्राज्याच्या सर्वांत उंच खुर्चीसमोर पडला आहे.

सरकारचे उत्तर येते आणि तुमच्या ओठावर लगेच दुसरा प्रश्न येतो. गिळा तो. इथे उपप्रश्नाला परवानगी नाही आणि उत्तरावर चर्चाही नाही. १८९५ मध्ये टिळक मुंबई कायदे कौन्सिलात जातील, १८९९ मध्ये गोखले, तेव्हाही हाच नियम. सरकारने टोलवले तर टोलवले. १९०९ च्या सुधारणांनंतर मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येईल आणि १९१९ च्या कायद्यानंतर इतर सभासदांनाही. तिकडे लंडनमध्ये प्रश्नांचा इतका पूर आला, की १९०२ मध्ये कॉमन्सचे सभागृहनेते बाल्फोर यांनी वाटणी करून टाकली. ज्याला तोंडी उत्तर हवे त्याने प्रश्नाला तारा लावावा, बाकीच्यांना उत्तर कागदावर मिळेल. आपल्या विधानभवनात रोज उच्चारला जाणारा ‘तारांकित’ हा शब्द त्या ताऱ्याच्याच कुळातला.

पुढचा मुक्काम दिल्ली, १९५७. लोकसभेच्या पत्रकार कक्षात तुम्ही गुडघ्यावर वही टेकवली आहे.

४ सप्टेंबरला काँग्रेसचे राम सुभग सिंह यांनी एका वृत्तपत्रातल्या बातमीचा आधार घेऊन विचारले होते, की आयुर्विमा महामंडळाने कानपूरच्या एका खासगी उद्योगात पैसा गुंतवला आहे काय? सरकारने पुरते काही हाती लागू दिले नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस विषय पुन्हा प्रश्नोत्तरात आला आणि आकडे बाहेर पडू लागले. आता १६ डिसेंबर. फिरोज गांधी बोलायला उभे राहतात. पंतप्रधानांचे जावई, सत्ताधारी पक्षाचे खासदार, आणि समोर त्यांच्याच पक्षाचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी. महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोट रुपयांचे शेअर घेतले आहेत. ज्यांच्या खिशातला हा पैसा, ते विमेदार नोकरदार आहेत, मास्तर आहेत, पोस्टमन आहेत.

तुमच्या शेजारचा बातमीदार वाकून पाहतो, पण तुम्ही मान वर करत नाही. कारण फिरोज गांधी जे वाजवून दाखवत आहेत, ते सरकारच्याच उत्तरांतले विसंवाद आहेत. आधीचे उत्तर लेखी नसते, रोजनाम्यात नसते, तर हे भाषण नुसत्या आरोपांचे झाले असते. प्रश्नाने चोर पकडला नव्हता. त्याने सरकारला एका जागी उभे करून बोलते केले, आणि बोललेले मागे घेता येत नाही.

जानेवारी उजाडतो तो मुंबईत. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छगला यांचा एक सदस्यीय आयोग बसला आहे आणि चौकशी उघड चालू आहे. आत जागा नाही म्हणून बाहेर लाउडस्पीकर लावले आहेत. फोर्टातले कारकून, दलाल, वकिलांचे शिकाऊ उभ्या उभ्या अर्थसचिवांची साक्ष ऐकताहेत. तुम्हीही त्या गर्दीत आहात. १० फेब्रुवारी १९५८ ला अहवाल तयार होतो. आयोग नेमल्यापासून अवघ्या २४ दिवसांत. त्याच महिन्यात कृष्णमाचारी राजीनामा देतात. वर्तमानपत्रातल्या एका बातमीपासून हे सुरू झाले होते, हे गर्दीतल्या किती जणांना आठवत असेल?

पण प्रश्नाचे शस्त्र दुधारी असते. डिसेंबर २००५ मध्ये तुम्ही एका टीव्हीसमोर उभे आहात आणि छुप्या कॅमेऱ्यात खासदार प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना दिसताहेत. संसदेने ११ सदस्यांना घरी पाठवले. त्यांतले दोघे आपल्या खानदेशातून निवडून गेलेले. विकत मिळणारा प्रश्न आणि वाण्याच्या कडब्याचा प्रश्न छापील कागदावर एकसारखेच दिसतात. कागदाला वास नसतो.

१४ सप्टेंबर २०२०. तोंडावर मुखपट्टी चढवा. करोनाच्या साथीत संसद भरली आहे, सदस्य दोन्ही सभागृहांत विखरून बसले आहेत. प्रश्नोत्तराचा तास रद्द आहे. ताऱ्याचे प्रश्न नाहीत, उपप्रश्न नाहीत. फक्त लेखी उत्तरे. कलकत्त्याच्या त्या खोलीत परत आल्यासारखे वाटले, तर ते तुमचे चुकत नाही.

टाळेबंदीत घरी निघालेल्या स्थलांतरित मजुरांविषयी प्रश्न आहे. कामगार मंत्रालयाचे उत्तर तुम्ही वहीत उतरवून घेता. घरी परतलेले मजूर १,०४,६६,१५२. एकेक माणूस मोजलेला. वाटेत मेलेले किती? अशी माहिती ठेवलेली नाही. त्यांच्या कुटुंबांना भरपाई? वरील उत्तर पाहता, प्रश्न उद्भवत नाही.

पेन्सिल थांबते. कारण ८ मेची पहाट तुम्ही विसरलेला नाहीत. जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशचे मजूर औरंगाबादच्या अलीकडे करमाडजवळ रुळांवर झोपले होते आणि मालगाडी आली. १६ जण गेले. रुळांवर पडलेल्या चपात्या सगळ्या महाराष्ट्राने पाहिल्या होत्या.

पण घाईने वही मिटू नका. त्याच अधिवेशनात राज्यसभेत तृणमूलचे डेरेक ओब्रायन रेल्वेला विचारतात, की श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना किती जण मरण पावले? आणि रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांचे लेखी उत्तर येते, की ९ सप्टेंबरपर्यंत ९७.

एकाच सरकारची, एकाच अधिवेशनातली, एकाच शोकांतिकेवरची दोन उत्तरे. पहिला प्रश्न देशभर पसरलेल्या रस्त्यांबद्दल होता आणि रस्त्यावरच्या मरणाची वही कुठल्याच एका खात्याकडे नव्हती. दुसरा प्रश्न रेल्वेच्या स्वतःच्या डब्यांबद्दल होता. डब्यात माणूस मेला, की कुठल्या तरी स्थानकावर गाडी थांबते, पोलीस येतात, कागद होतो. मुरलेला आमदार म्हणूनच आधी वही कुणाच्या कपाटात आहे ते शोधतो आणि मग प्रश्न लिहायला बसतो. मात्र वही नसल्याची कबुली हाही पुरावा असतो. ‘माहिती ठेवलेली नाही’ हे वाक्य सरकारच्या नावाने कायमचे छापले गेले आहे.

शेवटचा मुक्काम नागपूर. साल सांगत नाही, कुठलाही डिसेंबर धरा. रात्रीचे साडेअकरा. हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून फायलींचे गठ्ठे आले आहेत, आणि त्यांच्यामागून तुम्हीही. कारण या मुक्कामी तुम्ही नुसते पाहणारे नाही. तुम्ही मंत्रालयातले कक्ष अधिकारी आहात, पेन्सिल तीच आहे आणि उद्याचे उत्तर तुम्हाला लिहायचे आहे.

टेबलावर प्रश्न:

‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) तालुक्यातील आश्रमशाळेत मुलींची स्नानगृहे गेल्या पावसाळ्यापासून बंद आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत चौकशी करण्यात आली आहे काय, (३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

चार पोटप्रश्न, पण सगळी मदार पहिल्यावर. तिथे ‘हे खरे नाही’ लिहिले, की उरलेल्या तिन्हींपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ आपोआप येऊन बसतात. चहा गार व्हायच्या आत फाईल वर जाईल.

जिल्ह्यावरून माहिती आली आहे, एका ओळीची. ‘दुरुस्तीचे काम प्रगतिपथावर आहे.’ पलीकडच्या टेबलावरचे देशमुख चष्म्यावरून पाहत म्हणतात, “अंशतः खरे म्हणा आणि मोकळे व्हा. तारीख मात्र टाकू नका हो. तारीख टाकलीत, की ते आश्वासन झालं. मग आश्वासन समितीपुढे तुम्हीच उभे राहा.”

देशमुखांचे चुकत नाही. ‘विचाराधीन आहे’, ‘तपासून पाहू’, ‘माहिती घेण्यात येत आहे’ असली वाक्ये नोंदवून ठेवायला आणि नंतर त्यांचे काय झाले ते विचारायला विधिमंडळाची एक समितीच असते. साध्या शब्दांना वजन आणणारी ती तागडी. तिला भिऊन तर सरकारी मराठी इतकी निसरडी झाली.

तुम्ही तालुक्याला फोन लावता. पलीकडे झोपेतला आवाज. “अण्णा, एलएक्यू आहे, विधानसभेचा प्रश्न. साठा नोंदवही उघडा आणि पाण्याच्या मोटारीचं पान पाठवा. हो, आत्ताच.” वीस मिनिटांनी मोबाइल थरथरतो. वहीचे पान येते. मोटार जुलैत जळाली, दुरुस्तीला गेली, परत आल्याची नोंद नाही. पाठोपाठ एक फोटो, न मागता पाठवलेला. स्नानगृहाचे दार आणि त्याला कुलूप.

प्रगतिपथ म्हणतात तो हा.

तुम्हाला ब्रुसेल्सची अफवा आठवते, वाण्याचा कडबा आठवतो, छगलांच्या दारातला लाउडस्पीकर आठवतो. त्या प्रत्येक ठिकाणी कुठे तरी एक माणूस मसुदा घेऊन बसला असणार, आणि शेजारून कुणी तरी त्याला सांगत असणार, की मोघम लिहा.

मसुद्यावर पेन्सिल टेकते. (१) हे खरे आहे.

पुढे (३) समोर तुम्ही मोटार बसवण्याची तारीख घालता. देशमुख चष्मा काढून पुसतात आणि पुन्हा लावतात. उद्या सचिव कदाचित ती खोडतील. पेन्सिलीचे असते तेवढे सोपे. नाही खोडली, तर ती छापली जाईल आणि मार्चमध्ये कुणी तरी कागद उलगडून विचारेल.

तुम्ही फाईलला फीत बांधता. आत साठा नोंदवहीचे ते पानही घालता, मधोमध, सहज नजरेला पडेल असे.