तऱ्हेवाईक आणि विक्षिप्त

मुदखेडला कुणाबद्दल ‘तऱ्हेवाईक माणूस आहे’ म्हटलं, तर ऐकणारा हसून सोडून देतो. ‘विक्षिप्त आहे’ म्हटलं, की जरा जपून वागू लागतो. कोशात शेजारी बसणाऱ्या या दोन शब्दांचं मुळात काहीच नातं नाही.

विक्षिप्त संस्कृतातला. ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे. विक्षिप्त म्हणजे इकडेतिकडे फेकला गेलेला. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. तिथलं विक्षिप्त चित्त वेडं नाही; ते मधूनमधून स्थिरावतं, पण टिकत नाही. हिंदीत हा शब्द थेट वेडापर्यंत गेला. मराठीनं त्याला विचित्र वागण्यापाशीच थांबवलं, हे बरं केलं.

‘तऱ्हा’ अरबीतून फारसीमार्गे आली. १९४८पर्यंत मुदखेड निजामाच्या राज्यात होतं, कचेरीची भाषा उर्दू. ‘तरह’ म्हणजे रीत, हे इथं कुणाला शिकवावं लागलं नसेल. पण अरबी धातूचा मूळ अर्थ टाकणे, फेकणे असा आहे. पाया टाकतात, आराखडा टाकतात, त्यातून घडण आणि रीत. एकमेकांशी नातं नसलेल्या दोन भाषाकुळांतून हे शब्द आले, आणि दोन्हींच्या तळाशी फेकणंच निघालं! मला याचं फार नवल वाटतं.

आपले घरचे शब्दही जागा सुटल्याचेच: डोकं ठिकाणावर नाही, सरकलंय, चळलंय. म्हातारचळातला ‘चळ’ म्हणजे हलणं. भ्रमिष्टातला ‘भ्रम’ही मुळात फिरणं, भटकणं.

ज्यापासून ढळायचं, ते ‘केंद्र’ मात्र ग्रीक. ‘केंट्रॉन’ म्हणजे टोचणी, आणि कंपासाचं रोवलेलं टोक. ज्योतिषासोबत तो शब्द संस्कृतात आला. ग्रहांची गती जुळवायला ग्रीकांनी आणि आपल्या ज्योतिषांनीही पृथ्वीपासून मध्य सरकवलेली वर्तुळं वापरली. ग्रीकांच्या त्या वर्तुळाचंच ‘एक्सेंट्रिक’ हे नाव इंग्रजीनं पुढे माणसांना दिलं. पृथ्वीच्या कक्षेतही सूर्य नेमका मध्यावर नाही: जानेवारीत तो सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असतो, जुलैत १५.२ कोटींवर. तरी वर्ष चुकत नाही.

म्हणून मला तऱ्हेवाईक हा शब्द न्यायाचा वाटतो. त्यात त्या माणसाची स्वतःची रीत मान्य केलेली असते. मनाच्या आजारानं जो खरोखर त्रस्त आहे, त्याला मात्र यातला एकही शब्द लावू नका.