ट्रेंटची चूक

रहस्यकथेतला शोधक चुकत नाही, अशी आपली एक जुनी समजूत आहे. शेरलॉक होम्सने ती पक्की केली. १८८७ साली तो प्रथम वाचकांसमोर आला आणि पुढील पंचवीस वर्षांत शोधक म्हणजे थंड डोक्याचे तर्कयंत्र हे समीकरण रूढ झाले. होम्सही क्वचित फसतो; पण त्याचे फसणे हा अपवाद, आणि त्या अपवादाने नियमच ठळक होतो. १९१३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रेंट्स लास्ट केस’ या कादंबरीने मात्र चूक हाच कथेचा कणा केला, आणि तीही हसत हसत.

तिचा लेखक ई. सी. बेंटली हा व्यवसायाने पत्रकार आणि वृत्तीने विनोदकार. थोरामोठ्यांची गमतीदार चरित्रे चार ओळींत सांगणारा ‘क्लेरिह्यू’ हा पद्यप्रकार त्याच्याच मधल्या नावाने ओळखला जातो. जी. के. चेस्टरटन हा त्याचा शाळासोबती. चेस्टरटनने १९०८ साली आपली ‘द मॅन हू वॉज थर्सडे’ ही कादंबरी बेंटलीला अर्पण केली होती. बेंटलीने ‘ट्रेंट’ त्याला अर्पण करून त्या ऋणाची फेड केली. १९४० साली लिहिलेल्या आठवणींत बेंटलीने आपला हेतू स्पष्ट केला आहे. त्याला रहस्यकथेपेक्षा रहस्यकथांचे पितळ उघडे पाडणारी कथा लिहायची होती, आणि तिचा नायक माणूस म्हणून ओळखू यावा अशी त्याची इच्छा होती.

फिलिप ट्रेंट तसाच आहे. तो मुळात चित्रकार. वर्तमानपत्रासाठी अधूनमधून गुन्ह्यांचा छडा लावतो. बोलका, थट्टेखोर, बोलता बोलता कवितेच्या ओळी फेकणारा. सिग्स्बी मँडरसन या अमेरिकन धनाढ्याचा इंग्लंडमधील त्याच्या घराच्या आवारात खून होतो आणि ट्रेंट तेथे पोहोचतो. ताणलेले बूट, ठिकाणावर न बसवलेली दातांची कवळी, बोटांचे ठसे यांवरून तो एक भक्कम तर्क रचतो. पण त्याच सुमारास तो मँडरसनच्या तरुण विधवेच्या, मेबलच्या, प्रेमात पडतो.

पुढचा मुद्दा शेवट सांगितल्यावाचून मांडता येत नाही. मार्लो या चिटणिसाने मृत मालकाचे सोंग घेऊन त्या रात्री घरातल्यांना फसवले, हा ट्रेंटचा शोध अचूक असतो. म्हणून खुनीही मार्लोच, हा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा ठरतो. मत्सराने पछाडलेल्या मँडरसनने स्वतःच मार्लोला खुनाच्या आरोपात अडकवण्याचा डाव रचलेला असतो. जीव वाचवण्यासाठी मार्लोला ते सोंग घ्यावे लागते. हा उलगडा झाल्यावर ट्रेंटला वाटते, आता सारे कळले. तेव्हा मेबलचे सौम्य, सज्जन वयोवृद्ध काका कपल्स जेवणाच्या टेबलावर शांतपणे सांगतात, की मँडरसनशी झालेल्या झटापटीत गोळी त्यांच्याच हातून सुटली होती. ट्रेंट हात जोडतो. या धंद्यात पुन्हा पडायचे नाही असे जाहीर करतो. शीर्षकातील ‘लास्ट’चा अर्थ तेव्हा उमगतो.

इथे पुरावा कोठेही खोटा नाही. बूट, कवळी, ठसे सारे खरे आहे आणि ट्रेंटने ते नीट वाचलेही आहे. खोटी आहे ती पुराव्यापासून माणसाच्या अंतःकरणापर्यंत मारलेली उडी. त्या काळी इंग्लंडमध्ये खुनाची शिक्षा फाशी होती. ट्रेंटने आपला वृत्तांत छापायला पाठवला असता तर एक निरपराध तरुण फासावर जाण्याची वेळ आली असती. तो पाठवला जात नाही, कारण त्यात मेबल गोवली जाईल या भीतीने ट्रेंट तो तिच्याच हाती देऊन निघून जातो. होम्सच्या न्यायाने पाहिले तर हा शोधकाचा कमकुवतपणा. परंतु मार्लोचा जीव वाचतो तो या कमकुवतपणामुळेच. विनोदाच्या आवरणाखाली बेंटलीने मांडलेला हा विचार गंभीर आहे.

त्याला पूर्वपरंपरा नव्हती असे नाही. विल्की कॉलिन्सच्या ‘मूनस्टोन’मध्ये (१८६८) गुलाबांचे वेड असलेला सार्जंट कफ हिरा लपवल्याचा संशय हिऱ्याच्या मालकिणीवरच घेतो आणि पुढे आपली चूक कबूल करतो. मात्र ती चूक कथानकाच्या मध्यावरची. बेंटलीने ती शेवटावर नेली. पुढे अँथनी बर्कलीच्या ‘पॉयझन्ड चॉकलेट्स केस’मध्ये (१९२९) सहा जण एकाच खुनाची सहा उत्तरे देतात. बर्कलीचा आढ्यताखोर नायक रॉजर शेरिंगहॅम तेथे सपशेल चुकतो आणि गुंता सुटतो तो चिटरविक या भिडस्त गृहस्थाकडून. दैवदुर्विलास असा, की बेंटलीने ज्या प्रकाराची थट्टा केली त्याच प्रकाराच्या सुवर्णयुगाचा आरंभ अनेक समीक्षक त्याच्या या कादंबरीपासून मानतात. १९३० साली स्थापन झालेल्या ‘डिटेक्शन क्लब’चे अध्यक्षपद चेस्टरटननंतर, १९३६ साली, त्याच्याकडेच आले. त्याच वर्षी ‘शेवटच्या’ प्रकरणानंतरही ट्रेंट एका नव्या कादंबरीत परतला!

सदोष शोधक आपल्याला का आवडतो, याचे उत्तर ‘तो आपल्यासारखा असतो’ एवढ्यावर भागत नाही. होम्सचा आपण आदर करतो, पण त्याच्या तर्कावर निर्धास्तपणे विसंबून विचार करणे थांबवतो. ट्रेंटसोबत ती सोय नाही. तो चुकतो तेव्हा आपणही चुकलेलो असतो, कारण त्याचा तर्क आपण मान डोलावून स्वीकारलेला असतो. कपल्स बोलू लागतात तेव्हा ट्रेंटच्या फजितीला येणारे हसू म्हणून आपल्यावरच उलटते. कोणाला दोषी ठरवण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढे तरी ते हसू शिकवून जाते.