सस्कॅटूनचे कोबाल्ट यंत्र आणि किरणोपचार केंद्राची निवड

गावात कोणाला कर्करोग झाल्याचे कळले, की घरची मंडळी हातात कागद घेऊन विज्ञानाच्या शिक्षकाकडे येतात. डॉक्टरांनी ‘लाईट’ घ्यायला सांगितलेला असतो आणि प्रश्न एकच असतो : कोठे न्यावे? बहुतेक वेळा उत्तर यंत्रावरून दिले जाते. जेथे यंत्र नवे आणि महाग, तेथे उपचार चांगला. किरणोपचाराचा इतिहास मात्र वेगळेच काही सांगतो.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रुग्णालयांच्या हाती दोन साधने होती, रेडियम आणि क्ष-किरण. रेडियम अतिशय महाग व तुटपुंजे. क्ष-किरणांची नेहमीची यंत्रे दोन ते चार लाख व्होल्टची. त्यांची सर्वांत जास्त मात्रा त्वचेवरच पडे. आतली गाठ जळण्याआधी कातडी भाजून निघे. अणुभट्ट्या आल्यावर यातून वाट सापडली. साध्या कोबाल्टवर भट्टीतील न्यूट्रॉनांचा मारा केला, की कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी समस्थानिक तयार होतो. त्याचे गॅमा किरण (१.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) त्वचेखाली सुमारे अर्धा सेंटिमीटर गेल्यावर कमाल मात्रा देतात. कातडी पुष्कळशी वाचते.

कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टीत असे कोबाल्ट तयार झाले आणि १९५१ साली ते दोन गावांना मिळाले. एक ऑन्टॅरिओ प्रांतातील लंडन (इंग्लंडचे नव्हे) आणि दुसरे गव्हाच्या शेतांच्या प्रदेशातील सस्कॅटून. लंडनचे यंत्र एका कंपनीने बांधले होते. सस्कॅटूनचे यंत्र हॅरॉल्ड जॉन्स या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांसह आखले आणि गावातल्याच एका यंत्रशाळेत बनवून घेतले.

सस्कॅटूनला कोबाल्ट उन्हाळ्यातच पोहोचले होते; लंडनला ते ऑक्टोबरच्या मध्यावर मिळाले. तरीही पहिला रुग्ण लंडनला झाला, २७ ऑक्टोबर रोजी. सस्कॅटूनचा पहिला उपचार ८ नोव्हेंबरचा. मग मधले महिने जॉन्स काय करत होते? मोजत होते. किरणांचा झोत किती रुंद असता, किती खोलीवर, किती टक्के मात्रा पोहोचते, याची कोष्टके तयार होत होती. (शरीर बहुतांशी पाण्यासारखे असल्याने अशी मोजमापे पाण्यात करतात.) या कामात सिल्व्हिया फेडोरुक या तरुण विद्यार्थिनीचा मोठा वाटा होता, पुढे त्या सस्कॅचेवान प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या. लंडनच्या मंडळींनी घाई केली असे म्हणण्याचे कारण नाही, तेथील रुग्णांनाही लाभ झाला. पण जगभरच्या रुग्णालयांना उपयोगी पडली ती सस्कॅटूनची मोजमापे. तेथील पहिली रुग्ण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची, चार मुलांची आई होती. ती नव्वदीपर्यंत जगली. ते यंत्र १९७२ पर्यंत चालले आणि सुमारे पावणेसात हजार रुग्णांना उपयोगी पडले.

याच कॅनडात पुढे थेरॅक-२५ हे संगणकावर चालणारे प्रवेगक यंत्र तयार झाले. आधीच्या नमुन्यांत चुकीची मात्रा अडवणारी स्वतंत्र विद्युत-यांत्रिक कुलपे होती. नव्यात ती काढून सगळा भार संगणकाच्या आज्ञावलीवर टाकला गेला. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा बसली. त्यांतले काही दगावले. यंत्र अगदी आधुनिक होते, हे विसरू नये. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ च्या मार्च-एप्रिलमध्ये दोन अपघात झाले. तेथील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र चालवणाऱ्या महिलेला बरोबर घेऊन तीच कळ, तोच क्रम, तोच वेग अशी पुनःपुन्हा आवृत्ती केली. चुकून दाबलेले अक्षर झटपट दुरुस्त केले, की यंत्र गोंधळते, हे त्यांनी दाखवून दिले. यंत्र बनवणाऱ्यांना न सापडलेला दोष रुग्णालयातल्या त्या दोघांना सापडला.

म्हणून केंद्र निवडताना माझ्या मते पहिली चौकशी यंत्राच्या किमतीची नसावी. तेथे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ पूर्णवेळ आहे का? यंत्रातून बाहेर पडणारी मात्रा नियमित मोजली जाते का? भारतात अशा केंद्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो आहे का, हे विचारण्यात संकोच कशाला?

दुसरी गोष्ट अंतराची. किरणोपचार अनेकदा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतो आणि मध्येच सोडला तर फळ कमी मिळते. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल सुरू झाले, तरी सोलापूर-उस्मानाबादकडच्या शेतमजुराला दीड महिना मुंबईत राहणे कसे परवडावे? १९८० च्या दशकात बार्शीसारख्या गावी कर्करोग रुग्णालय उभे राहिले, त्याचे मोल येथे कळते. जवळच्या केंद्रात पुरा झालेला उपचार दूरच्या केंद्रात अर्धवट राहिलेल्या उपचाराहून बरा.

जवळचे यंत्र कोबाल्टचे असेल, तर आणखी एक प्रश्न विचारावा. वर्गात गणित म्हणूनही तो घालता येईल. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.३ वर्षे. नव्या स्रोताने जी मात्रा दोन मिनिटांत मिळते, तिला साडेदहा वर्षांच्या जुन्या स्रोताने आठ मिनिटे लागतील. तितका वेळ वेदनेने व्याकूळ रुग्णाने न हलता पडून राहायचे असते. तेव्हा स्रोत शेवटचा कधी बदलला, हे विचारून घ्यावे.