एकत्र येण्याचं गणित आणि आपला मराठवाडा

आपली संस्था स्थापन झाली तेव्हाचा कायदा असा होता की, गृहनिर्माण संस्था नोंदवायची तर किमान दहा सभासद हवेत आणि तेही दहा वेगवेगळ्या कुटुंबांतले. नऊ जण पैसे घेऊन तयार आहेत, प्लॉट बघून ठेवलाय, पण दहावा सापडत नाही, तोवर निबंधक कार्यालयात त्या नऊ जणांना काहीच किंमत नाही. दहावा आला की काम झालं. मग या दहाव्याचं महत्त्व किती? पहिल्याइतकंच. कारण दहांपैकी कुणीही एक उठून गेला तरी नोंदणी अडते. मात्र पंधरा जण जमले की एकटादुकटा कुणी उठून गेल्याने काही अडत नाही. माणूस तोच, वर्गणी तीच, पण त्याचं वजन उतरलं.

या साध्या गोष्टीवर गणितज्ञांनी एक शास्त्र उभं केलं आहे. त्याला गेम थिअरी म्हणतात. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचा त्यावरचा मोठा ग्रंथ १९४४ साली निघाला. पुढे १९५३ मध्ये लॉइड शॅप्ली यांनी आघाडीतल्या प्रत्येकाचं खरं वजन मोजायची रीत सांगितली. ती थोडक्यात अशी : माणसं ज्या ज्या क्रमाने येऊ शकतात ते सगळे क्रम मांडायचे आणि कुणाच्या येण्याने किती फरक पडतो त्याची सरासरी काढायची. नऊ संचालकांच्या मंडळात चार, चार आणि एक असे तीन गट असतील, तर एकट्या संचालकाचं वजन चौघांच्या गटाइतकंच भरतं, कारण कुठल्याही दोन गटांचं बहुमत होतं. पण पाच, तीन, एक असे गट असतील तर पाचांचा गट एकटाच राज्य करतो. तीनवाला आणि एकवाला दोघेही सारखेच शून्य. संख्या किती यापेक्षा तुमच्यावाचून अडतं का, हे महत्त्वाचं.

बँकेत हे मी दुसऱ्या रूपात पाहिलं. मोठ्या कर्जासाठी चार-पाच बँका मिळून कन्सॉर्शियम करतात. पहिला हप्ता सुटेपर्यंत सर्वांत लहान बँकेच्या अटीसुद्धा सगळे वाचतात. पैसे एकदा गेले की त्याच बँकेच्या पत्राला उत्तर यायला तीन महिने लागतात.

आता आपल्या इतिहासाकडे येतो. पूर्णा म्हणजे निजामाच्या मुलखातलं जंक्शन. निजामाच्या हैदराबाद संस्थानात तीन भाषांचे लोक होते : तेलंगणाचे तेलुगू, आजच्या कलबुर्गी-बीदर भागातले कन्नड आणि आपण मराठवाड्याचे पाच जिल्हे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला ते मोडून तिघे तीन दिशांना गेले. एकाच घरातली तीन भावंडं तीन वेगवेगळ्या मोठ्या कुटुंबांत गेली असं म्हणा. एकत्र येण्याआधी काय ठरवून घ्यावं, हे शिकायला यासारखं उदाहरण नाही.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. (योगायोग बघा, शॅप्लींची रीत आणि हा करार एकाच वर्षीचे.) पश्चिम महाराष्ट्राकडून यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, विदर्भाकडून रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर. आपल्याकडून देवीसिंग चौहान अशा मंडळींनी त्यावर सह्या केल्या. विदर्भाने काय मागितलं बघा : उच्च न्यायालयाचं पीठ नागपूरला, विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला, सरकारने वर्षातून काही काळ तिथे यायचं. या गोष्टी डोळ्यांनी दिसतात, पाळल्या की नाही ते कुणीही सांगू शकतो. त्या पाळल्याही गेल्या. मराठवाड्यासाठी काय होतं? विकासाकडे ‘विशेष लक्ष’. आम्ही बँकवाले अशा शब्दाला तारण म्हणत नाही.

विदर्भाला एवढं का मिळालं? कारण विदर्भाला दुसरी वाट होती. वेगळ्या राज्याची मागणी तिथे जोरात होती, आणि १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने तशी शिफारसही केली. बाहेर राहूनही ज्याचं भागतं त्याची मनधरणी करावी लागते. मराठवाड्याला अशी वाट नव्हती. हैदराबाद राज्य मोडावं ही तर स्वामी रामानंद तीर्थांसह आपलीच मागणी होती.

मराठवाडा बिनशर्त सामील झाला, हे वाक्य दर मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात ऐकू येतं. कुणी अभिमानाने म्हणतं, कुणी कपाळावर हात मारून. आपल्या पुढाऱ्यांना व्यवहार कळला नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या पिढीला शाळा-कचेरीत उर्दूशिवाय गत्यंतर नव्हतं, ज्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे उर्दू माध्यमाचं उस्मानिया होतं, त्यांना मराठी राज्य मिळणं हाच मोठा लाभ होता. गेम थिअरीतला लाभ काही फक्त रुपयांतच मोजायचा नसतो. मात्र हा लाभ एकदाच मिळतो, आणि मिळाला की सौदा करायला हाती काही उरत नाही.

तरीसुद्धा सामील झाल्यावर काही वर्षं मराठवाड्याचं वजन फार होतं, हे आपण विसरलो आहोत. १९५६ मध्ये गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. त्याविरुद्ध संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, जनसंघ, हिंदुमहासभा, एरवी एकमेकांच्या ओट्यावर न बसणारी माणसं एका मांडवात आली. एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे, दादासाहेब गायकवाड. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पाणी पाजलं. पण राज्यात ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेस टिकली. बहुमताला १९९ लागत, म्हणजे हाताशी ३५ जास्तीचे. गुजरातबरोबर विदर्भ आणि मराठवाड्याने यशवंतरावांचं सरकार उचलून धरलं होतं. इथले आमदार बाजूला काढले असते तर सरकार टिकणं अवघड झालं असतं. त्या काळात, २३ ऑगस्ट १९५८ ला, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं. त्यामागे इथल्या लोकांचे कष्ट होतेच, पण वेळही अनुकूल होती असं मला वाटतं.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि समितीचं काम संपलं. बेळगाव-कारवारचा प्रश्न शिल्लक होता, तरी मांडव मोडला. प्रजासमाजवादी बाहेर पडले, बाकीचे आपापल्या वाटेला लागले. लोक याला फाटाफूट म्हणतात. मला त्यात नवल वाटत नाही. एका कामासाठी बांधलेली मोट काम झाल्यावर सुटायचीच.

१९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. बहुमताला १३३ पुरत होते, म्हणजे ८२ जास्तीचे! पश्चिम महाराष्ट्र परत आला होता. आता मराठवाड्यावाचून सरकारचं अडत नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेत विल्यम रायकर यांचं आघाड्यांवरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की, जिंकायला लागतात त्याहून जास्त माणसं आघाडीत झाली की वाटणीचा हिस्सा लहान होतो, म्हणून जास्तीच्यांना हळूहळू बाजूला सारलं जातं. मराठवाड्याला कुणी बाहेर काढलं नाही. पंगतीत शेवटी बसवलं, एवढंच. कृषी विद्यापीठं पाहा : राहुरी १९६८, अकोला १९६९, आणि परभणी १८ मे १९७२. दापोलीचा कोकणही आपल्याच पंक्तीत, त्यांनाही त्याच दिवशी मिळालं.

मग १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन. आपल्या शेजारच्या वसमतला गोळीबार झाला, विद्यार्थी गेले. त्या वेळी मी विशीत होतो आणि माझ्या वयाची मुलं नोकऱ्या आणि रेल्वेची ब्रॉडगेज मागत होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. विधानसभेतलं वजन गेलं, तेव्हा ते रस्त्यावर परत मिळवावं लागलं, आणि त्याची किंमत दोन घरांनी मोजली. नागपूरला पीठ १९५६ पासून होतं, औरंगाबादला खंडपीठ सुरू व्हायला १९८१ उजाडलं. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याच्या मागासलेपणाचा हिशेब काढला, आणि ‘अनुशेष’ हा शब्द आपल्या घराघरांत पोचला.

आता दुसरी भावंडं. तेलंगणाने २० फेब्रुवारी १९५६ ला आंध्राच्या पुढाऱ्यांशी ‘सभ्य गृहस्थांचा करार’ केला. नोकऱ्या, मंत्रिपदं, शिल्लक महसूल, सगळं लिहून घेतलं. तक्रार अशी की, लिहिलेलं पाळलं गेलं नाही. १९६९ ला मोठं आंदोलन झालं, १९७१ मध्ये तेलंगणा प्रजा समितीने तिथल्या लोकसभेच्या १४ पैकी १० जागा जिंकल्या आणि नंतर ती काँग्रेसमध्ये विलीन झाली. शेवटी २ जून २०१४ ला ते वेगळे झाले. त्यांच्याकडे हैदराबाद शहर होतं, बाहेर पडण्याची धमकी खरी वाटत होती. कन्नड भागाने २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने ३७१-जे मिळवलं, त्यात शिक्षण आणि नोकऱ्यांतल्या जागा राखून ठेवता येतात. आपल्याला घटनेच्या कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळ मिळालं. तरतूद १९५६ ची, मंडळ १९९४ चं.

आपल्या संस्थेत एखादी खोली मुलाच्या नावाने बंद असलेली घरं मोजली तर पुणे आणि हैदराबाद ही दोनच नावं सारखी येतील. एकाच स्टेशनवरून पोरं दोन दिशांना जातात, दोन्हीकडे नोकरी आहे. म्हणून हा जुना हिशेब मला शिळा वाटत नाही.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मार्च २०२१ च्या अधिवेशनात ती पुन्हा कधी नेमणार, असा प्रश्न निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सांगितलं की, राज्यपालांनी विधान परिषदेचे रखडलेले १२ सदस्य नेमले की मंडळंही जाहीर होतील. त्या १२ नावांशी परभणी जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांचा किंवा शाळांचा काय संबंध, हे विचारायला तेव्हा आपल्यावाचून कुणाचंच अडत नव्हतं.