थरथरत्या मैदानाचे कर्ते

न्यूयॉर्कच्या ट्यूडर कंपनीने १९४९ साली नॉर्मन सास यांचा विजेवर चालणारा अमेरिकन फुटबॉलचा खेळ बाजारात आणला. पत्र्याचे मैदान थरथरे, बाहुल्या सरकत. मात्र कुठे, ते सांगणे कठीण. १९६७ साली नॅशनल फुटबॉल लीगच्या परवान्याने बाहुल्यांना संघांचे गणवेश मिळाले, तरी त्यांचे पवित्रे मोजकेच राहिले. ही उणीव हौशी मंडळींनी परस्परसहकार्याने भरून काढली. एकाने बाहुली कापून नवी ढब द्यावी, दुसऱ्याने शिरस्त्राण व क्रमांक रंगवावेत, तिसऱ्याने बैठकीखालचे प्लास्टिकचे दाते किंचित वाकवून तिची चाल सुधारावी. इतिहासात नाव राहते ते सासांचे. हे हात अनामिकच. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परिचित आहे: कर्ता कोण, मूळ रचणारा की ती रचना घडवत पुढे नेणारे?