थोरल्या आबांची बंदूक

आमच्या घरात थोरल्या आबांच्या शिकारीच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. थोरले आबा म्हणजे माझे पणजोबा, कोल्हापूर संस्थानच्या शिकारखान्यात चाकरीला होते. दाजीपूरचं रान तेव्हा छत्रपतींचं राखीव. दरबारी पाहुणे आले की पहाटेच हाकेवाले डोंगर उतरायला लागायचे आणि थोरले आबा बंदूक घेऊन पाहुण्यांच्या पाठीशी उभे राहायचे. इतकं सगळे सारखंच सांगत. पुढं मात्र प्रत्येकाचा बिबट्या वेगळा, गवाही वेगळा.

आत्याआजीची गोष्ट त्या मानानं साधी. शिकारीहून आल्यावर जेवणाआधी बंदूक धुतली जायची, आणि चुलीवरचं आधण आणून द्यायचं काम तिच्याकडे असे. जुन्या काडतुसांच्या टोप्यांमधून उडणारा क्षार तेलात विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं. उकळतं असलं की लोखंड तापून लगेच कोरडंही होतं. हे रसायन तिला कुणी समजावलं नव्हतं. "पाणी गार असलं तर ओरडायचे," एवढंच ती सांगायची.

१ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९५८ मध्ये दाजीपूरचं जंगल अभयारण्य झालं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला. ते योग्यच झालं. बंदूक वारसानं परवान्यावर राहिली, चामड्याच्या पेटीत. राधानगरीकडच्या पावसात चामडं ओल धरतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

बंदूक दोन नळ्यांची, बारा बोअरची, बर्मिंगहॅमची. नळ्यांवरचा निळसर काळा रंग जागोजागी उडालेला, पेटीला टेकलेल्या बाजूला तांबूस गंज. शस्त्र कायद्याप्रमाणं दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून परवानाधारक कारागिराकडंच नेली. त्यांनी आधी रंगाकडं पाहिलंच नाही. नळ्या उजेडाकडं धरून आतून पाहिल्या, बंदूक मोडून सांध्याची खीळ हलवून पाहिली. आतून नळ्या लख्ख होत्या, सांधा घट्ट. मग त्यांनी मूठ जिथं तोल साधून धरते तिथं, नळ्यांच्या बुडाजवळ, बोट ठेवलं. तिथला रंग साफ गेला होता, कडा गुळगुळीत झाल्या होत्या. ते म्हणाले, "साहेब, ही फार चालली नाही. पण वाहिली मात्र खूप."

सगळे बिबटे मला त्या क्षणी आठवले. थोरले आबा दुसऱ्यांच्या नेमामागं उभे राहिले, मैलोन्‌मैल बंदूक हातात धरून चालले. घरच्या गोष्टींपेक्षा मला हे मोठं वाटतं.

रंग चढवायची झटपट रीत म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात बुडवणं. दोन नळ्या मात्र मधल्या पट्टीसह शिशा-कथलाच्या डाकानं जोडलेल्या असतात आणि ते द्रावण डाक खातं. म्हणून जुनी, संथ रीत. आधी वाळून चिवट झालेल्या तेलाचे पिवळे थर काढले. नळ्यांची तोंडं लाकडी गुडद्यांनी बंद केली. नंतर उघड्या बोटाचा स्पर्शही नाही, कारण बोटाचं तेल लागलं तिथं रंग धरत नाही. पातळ आम्लाचा हात फिरवून नळ्या दमट पेटीत ठेवल्या की मखमलीसारखा तांबडा गंज येतो. मुद्दाम आणलेला गंज! नळ्या शुद्ध पाण्यात उकळल्या की तोच गंज डोळ्यांदेखत काळा होतो. तांबडं ऑक्साइड काळं बनतं आणि लोखंडाला धरून बसतं. बारीक तारेच्या ब्रशनं सैल काजळी झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला काळेपणा गहिरा होत जातो.

खोल खड्डे कानस लावून काढू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. नळीची जाडी कमी होते आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे पुसले जातात. १८१३ मध्ये सुरू झालेल्या त्या चाचणीगृहात जादा दारूचा बार सोसल्यावरच नळीवर ठसा पडतो. घोड्यांखालच्या पोलादी अंगावरचे मूळचे रंगही गेलेत. ते परत आणायचे तर अंग भट्टीत तापवावं लागतं आणि ते वाकायची भीती असते. ते तसंच पांढरं ठेवलं, नुसतं तेल लावून.

चामड्याची पेटी आता रिकामी ठेवली आहे. बंदूक कपाटात उभी असते, कुलूप लावून, आणि मृगाच्या आधी एकदा पुसून घेतो.