ग्लायडर-उड्डाणपद्धती, पुण्यातील
ग्लायडर हे एंजिनविरहित विमान होय. ते जमिनीवरून आपण होऊन उडू शकत नाही. बाहेरून ऊर्जा पुरवून त्याला उड्डाणवेग व उंची मिळवून द्यावी लागते. ही ऊर्जा देण्याच्या पद्धतीवर उड्डाणाचा खर्च, सुरक्षितता व कालावधी अवलंबून असतात.

पूर्वेतिहास : जर्मन संशोधक ओटो लीलिएंटाल (१८४८–९६) यांनी बर्लिनजवळ कृत्रिम टेकडी उभारून तिच्या उतारावरून उड्डाणे केली. राइट बंधूंनी १९०३ साली प्रतिवाऱ्यात रुळावरून उड्डाण केले. १९०४ पासून मनोऱ्यावरून वजन खाली सोडून ते आपल्या विमानाला आरंभीचा वेग देऊ लागले. १९२० नंतर जर्मनीत टेकडीवरून रबरी दोराच्या ताणाने ग्लायडर सोडण्याची पद्धत रूढ झाली. तथापि सपाट प्रदेशात ती निरुपयोगी असल्याने विंच व ओढविमान या पद्धती पुढे आल्या.

पुण्यातील कार्य : भारत सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याने १९५० मध्ये हडपसर येथे ग्लायडिंग केंद्र स्थापन केले. याच खात्याच्या दिल्ली येथील तांत्रिक केंद्रात पुढे भारतीय बनावटीच्या ग्लायडरांचे अभिकल्प तयार झाले. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष व आर्द्रा अशी नक्षत्रक्रमाने त्यांना नावे देण्यात आली. यांपैकी रोहिणीमध्ये (१९६१) शिक्षक व विद्यार्थी शेजारी-शेजारी बसत.

विंचपद्धती : हडपसर येथे ही पद्धत वापरण्यात आली. हिच्यात मैदानाच्या वाऱ्याकडील टोकाला एंजिनाने फिरणारे पिंप असते. त्यावर लांब तारदोर वेगाने गुंडाळला जाऊन दुसऱ्या टोकाचे ग्लायडर काही सेकंदांतच जमीन सोडते. सुरक्षित उंचीनंतर वैमानिक नाक वर उचलतो व ग्लायडर पतंगाप्रमाणे चढते. साधारणपणे दोराच्या लांबीच्या एकतृतीयांश उंची मिळते. प्रतिवारा जोराचा असल्यास ती वाढते. एंजिन जमिनीवरच राहत असल्याने इंधन अत्यल्प लागते. त्यामुळे सामान्य आर्थिक स्थितीतील विद्यार्थ्यालाही वैमानिकी शिकणे शक्य होते. मात्र उष्ण हवेचा ऊर्ध्वप्रवाह न सापडल्यास काही मिनिटांतच उतरावे लागते.

ओढविमानपद्धती : हिच्यात एंजिनयुक्त विमान सु. ५०–६० मी. लांबीच्या दोराने ग्लायडर ओढते व सु. ६०० मी. उंचीवर किंवा ऊर्ध्वप्रवाहापाशी नेऊन सोडते. उड्डाण दीर्घ होते. परंतु दुसरे विमान, दुसरा वैमानिक व बरेच इंधन लागते. ग्लायडर ओढविमानाच्या आधी जमीन सोडते. या वेळी ते फार वर गेल्यास ओढविमानाची शेपटी उचलली जाऊन त्याचे नाक खाली जाते आणि दोन्ही वैमानिकांचे प्राण धोक्यात येतात.

मोटर-ग्लायडर : यात स्वतःचे लहान एंजिन असते. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत हवाई दलाच्या छात्रांच्या शिक्षणासाठी पुढील काळात सुपर डिमोना या मोटर-ग्लायडरांचा वापर सुरू झाला. दोर व विंच यांची गरज संपली, तरी एंजिनाचे वजन व देखभाल वाढली.

तुलना : पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर आहे. उन्हाळ्यात ३८° से. तापमानाला येथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणित घनतेपेक्षा सु. १३ टक्क्यांनी कमी भरते. तेवढीच उत्थापक प्रेरणा मिळविण्यास जास्त वेग लागतो. त्याच वेळी एंजिनाची शक्तीही घटते. हा दुहेरी तोटा ओढविमान व मोटर-ग्लायडर यांना अधिक जाणवतो व त्यांची धाव लांबते. विंचाचे एंजिन मात्र वजनाची चिंता न करता पुरेसे मोठे घेता येते.

विंचपद्धतीत खरा प्रश्न दोर तुटण्याचा असतो. अशा वेळी वैमानिकाने प्रथम नाक खाली करून वेग राखावयाचा आणि उंची कमी असल्यास सरळ समोर उतरावयाचे असते. त्यासाठी पुढे मोकळी जमीन आवश्यक असते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हडपसर परिसराचे झपाट्याने नागरीकरण झाले. त्यामुळे मैदानाची मोकळी जागा हीच या स्वस्त उड्डाणपद्धतीच्या सुरक्षिततेची मुख्य अट ठरली आहे.